पाताळयात्रेतलं लाल आसन

“मॅडम, तुमच्या शेजारी कोण बसलंय?”

काचेच्या केबिनमधून आलेला आवाज गुहेच्या तोंडाशी घुमला. सुरुचीने उजवीकडे पाहिलं. दोन माणसांच्या त्या छोट्याशा डब्यात ती एकटीच होती. शेजारच्या सीटवर आईचं लाल लोकरीचं आसन होतं, घडी घातलेलं… बस्स.

“तुम्हाला कोणी दिसतंय का?” तिने विचारलं. पेठेत वाढलेल्या मुलीकडे अशा प्रश्नाला दुसरं उत्तर नसतं.

“दिसत तर नाही.” केबिनचं दार ढकलून तो बाहेर आला. निळा गणवेश, सावळा चेहरा, हातात टॉर्च. “पण मशीन भरलेली सीट दाखवायलंय. माणसाचा भार पडल्याशिवाय हिरवा दिवा लागत नाही, आणि तो लागलाय.”

“दाखवायलंय नाही. दाखवतंय.”

“तुमच्याकडं दाखवतंय. आमच्या अंबाजोगाईकडं दाखवायलंय. दिवा मात्र दोन्हीकडं हिरवाच.”

सुरुचीला हसू आलं आणि ते तिने लगेच आवरलं. त्याने वाकून आसन उचललं, तळहातावर तोललं. ते फुलासारखं हलकं होतं. उचललं तरी केबिनमधला दिवा विझला नव्हता.

“हे आसन कुणाचं?”

“मारुतीरायांचं,” ती म्हणाली, आणि आता हा हसणार म्हणून एक टोमणा जिभेवर तयारच ठेवला.

तो हसला नाही. त्याने आसन कपाळाला लावलं आणि जिथं होतं तिथं, घडी न विस्कटता, परत ठेवलं. टोमणा जिभेवरच विरघळून गेला.

मग सुरक्षेचे दांडे खाली आले. रिकाम्या सीटचा दांडा पार तळाशी जातो. तो तसा गेला नाही. मांडीच्या उंचीवर थांबला. अलगद… जसा कुणाच्या तरी मांडीवर टेकावा.

“उतरता का?” त्याने हळूच विचारलं.

“मी पाहणी करायला आलेय. बघितल्याशिवाय जाणार नाही.”

“बरं. मी गाडी हळू सोडतो.”

अनंत चतुर्दशी होऊन दोनच दिवस झाले होते. भाद्रपदातली बारीक झड लागली होती, आणि हडपसरच्या पुढे सोलापूर रस्त्याला असलेली ती अवाढव्य ‘इंद्रनगरी’ ओल्या गवतासारखी गप्प पडली होती. आकाशपाळणे रिकामेच फिरत होते. ‘पाताळयात्रे’च्या बोगद्यात डबा शिरला तेव्हा सुरुचीच्या पुढेही कोणी नव्हतं आणि मागेही. कवट्या हलल्या, एक राक्षस ओरडला. तिला त्यांचं काहीच वाटलं नाही. पण एका वळणावर, जिथं नुसताच काळोख होता, तिथं बुक्क्याचा वास आला. देवळातला, कपाळावरचा, ओल्या हवेत जरा जास्तच थंड वाटणारा बुक्का. आणि खूप आत कुठेतरी टाळ वाजत होता.

बाहेर आल्यावर त्याने पडद्यावरचा फोटो दाखवला. बोगद्यात बसवलेला कॅमेरा प्रत्येकाचा टिपतो तसा. बाकीची माणसं त्या जागी किंचाळत असतात. सुरुची मात्र उजवीकडे मान वळवून, कुणाचं तरी बोलणं ऐकावं तशी, हसत होती.

हसल्याचं तिला आठवतच नव्हतं.

त्या चेहऱ्याकडे पाहत राहण्याच्या नादात ती निघाली, आणि आसन डब्यातच राहिलं.

ते आसन सुरुचीच्या आईचं, मंदाकिनीबाईंचं. जिथं हरिकथा चालते तिथं मारुतीराय ऐकायला येऊन बसतात, हे आपल्याकडे लहान मूलही जाणतं. म्हणून विठ्ठल मंदिरात कीर्तनाला गेल्या की त्या आपल्या उजव्या हाताला हे आसन पसरून ठेवायच्या. देऊळ कितीही भरो. कुणी विचारलंच, “इथं कोणी आहे का?” तर शांतपणे म्हणायच्या, “आहेत. तुम्ही जरा पुढं सरका.”

सुरुचीचे वडील, श्रीधरपंत, बुवांच्या मागे पेटीच्या साथीला. मंदाकिनीबाई समोर बायकांत, हातात टाळ घेऊन. सबंध संसार असा समोरासमोर झाला. पूर्वरंग संपला, बुवांना हार घातला, सभेत बुक्का फिरला की पंत पेटीवरून मान वर करायचे आणि बाई त्यांच्याकडे पाहायच्या. तेवढंच. पण देवळातल्या जुन्या मंडळींना ते ठाऊक होतं, आणि त्या क्षणी सगळे मुद्दाम विठ्ठलाकडे पाहायचे.

“जन्मभर तुमच्या समोर बसले,” त्या एकदा म्हणाल्या होत्या. इंद्रनगरीची जाहिरात टीव्हीवर लागली होती, दोघादोघांचे डबे बोगद्यात शिरताना दाखवत होते. “एकदा मला तुमच्या शेजारी बसायचंय. त्या गाडीत. सगळे जाऊ या.”

जायचं ठरलंही होतं. पण गेल्या श्रावणात त्या गेल्या. यंदाच्या श्रावणात वर्षश्राद्ध झालं. पंतांनी पेटीवर जे पांघरूण टाकलं ते काढलं नाही, देवळाची पायरी चढली नाही. खिडकीशी बसून राहायचे. विचारलं तर म्हणायचे, “समोर बघायला कोणी नाही, सुरुची. मान वर करायची भीती वाटते.” हल्ली तर जेवणातूनही मन उडालं होतं, माणूस डोळ्यांदेखत पुसट होत चालला होता.

म्हणून सुरुचीने हट्टच धरला होता. आईची राहिलेली सहल काढायची, बाबांना घराबाहेर आणायचं. नाहीतर हा माणूस खिडकीतच संपेल. हडपसरच्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअर तपासायची. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हेच काम. त्यामुळे घरच्यांना नेण्याआधी स्वतः जाऊन सगळं पारखून यायचं, हे तिला साहजिकच वाटलं होतं.

आसन मात्र ती वर्षभर पिशवीत घेऊन हिंडत होती. बसमध्ये, सिनेमाला, ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये… शेजारी टाकायची. मारुतीरायांसाठी, असं सांगायची. खरं म्हणजे तिथं दुसरं कुणी बसलेलं तिला चालायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन आला. सहलीच्या चौकशीसाठी तिने पार्कमध्ये नंबर ठेवला होता.

“मी उत्तरेश्वर. पाताळयात्रेचा मेंटेनन्स इंजिनिअर, काल भेटलो तो. तुमचं राहिलंय इथं…”

“आसन. हो, घरी आल्यावर लक्षात आलं. ठेवाल का जपून?”

“आसन आहेच.” मग पलीकडे नुसता पाऊस ऐकू आला. “सकाळी आम्ही रिकामे डबे फिरवून बघतो. सगळे दांडे वर असतात. तुमचा डबा बोगद्यातनं बाहेर आला तेव्हा दांडा खाली होता, मांडीच्या उंचीवर. मी सीटला हात लावून पाहिला. सीट ऊबदार होती.”

सुरुचीने आसनाची रिकामी पिशवी जवळ ओढली.

“राग मानू नका, पण… मला वाटतं, तुमचं कुणीतरी इथं राहिलंय.”

शनिवारी ती गेली. भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त, आपण लवकर पोचावं असं वाटत होतं. दोन्हींची कारणं वेगळी आहेत, असं तिने रिक्षात स्वतःला बजावलं.

उत्तरेश्वरने सीटखालचा सेन्सर काढून नवा बसवला होता. जुन्यातही दोष नव्हता. ती डब्यात बसली, शेजारी हिरवा दिवा. ती आसन घेऊन उतरली, दिवा विझला. आसन दुसऱ्या डब्यात ठेवून ती त्यात बसली. तिथे हिरवा.

“यंत्रात चूक नाही,” ती तपासनिसाच्या आवाजात म्हणाली.

“मी बसून बघू का?”

“कुठे?”

“तुमच्या शेजारी.” कान तांबडे होणं सावळ्या माणसाला लपवता येतं, पण सगळंच नाही. “टेस्टिंगसाठी.”

“टेस्टिंगसाठी बसा.”

तो बसला. आसन तिच्या मांडीवर देऊन, अंगाला अंग लागू नये म्हणून पार कडेला चिकटून. दांडा खाली आला… अर्ध्यात थांबला… आणि परत वर गेला. त्याने पुन्हा बटण दाबायला सांगितलं. पुन्हा तेच. केबिनमधून त्याचा मदतनीस राकेश ओरडून सांगत होता, “सर, जागा भरलेली आहे म्हणतंय.”

उत्तरेश्वर खाली उतरला. रिकाम्या सीटकडे पाहून त्याने हात जोडले. “परवानगी नाही दिसत.”

“माझ्या शेजारी बसायला परवानगी लागते, हे तुम्हाला आज कळलं?” सुरुची म्हणाली. एवढं घाबरलेलं असतानाही हे तोंडून गेलं, आणि ती स्वतःच चपापली.

मग कॅन्टीनमध्ये चहा घेत त्यांनी सहल आखली. बाहेर झड चालूच होती. टेबलावर तिसरा कप नव्हता, पण तिसरी खुर्ची दोघांनी न बोलता जराशी मागे सरकवून ठेवली.

“माणसं किती?”

“बाबा, माझा भाऊ गंधार, दीपमाला वहिनी, त्यांची सृष्टी आणि मी.” ती थांबली. “आणि…”

“आलं लक्षात.” त्याने पुढे विचारलं नाही. “बाबांचे गुडघे?”

“जिने नकोत.”

“मग मागच्या फाटकातून आणू, तिथं उतार आहे. मोठे पाळणे सकाळीच उरकून घ्या, जेवणानंतर पोटात ढवळतं. पाण्यातले खेळ सगळ्यांत शेवटी, नाहीतर दिवसभर ओल्या कपड्यांत शिंका. सृष्टीची उंची कमी भरली तर ती रडणार, तेव्हा आधी घरीच मोजून तिला सांगून ठेवा. आणि चुकामूक झाली तर सगळ्यांनी हत्तीच्या कारंज्याशी यायचं.”

“आणि पाताळयात्रा?”

“दुपारी. तेव्हा कोणी नसतं.” कपाच्या कडेवरून त्याने बोट फिरवलं. “एक विचारू? मी लहानपणापासून सप्ताहात मृदंग वाजवत आलोय. ताल माझ्या कानाला फसवत नाही. बोगद्यात टाळ वाजतो ना… तो सगळा तालात असतो. फक्त शेवटचा ठोका जरा उशिरा पडतो. कुणाचा तरी डोळा दुसरीकडं असावा, तसा.”

सुरुचीने कप खाली ठेवला.

आईचा शेवटचा ठोका नेहमी उशिरा पडायचा. बुवा थट्टेने म्हणायचे, मंदाकिनीताई टाळ वाजवतात देवासाठी, पण थांबतात पेटीवाल्यांकडे बघून. हे तिने या माणसाला सांगितलेलं नव्हतं. कुणालाच नव्हतं सांगितलं.

“आई आहे ती,” ती म्हणाली. आणि वर्षभर जे कुणापुढे आलं नव्हतं ते पाणी एका परक्या माणसापुढे, चहाच्या टेबलावर, डोळ्यांतून आलं. त्याने रुमाल दिला नाही, समजूत घातली नाही. टेबलावर बोटांनी अगदी हलका ठेका धरला. ती रडून होईपर्यंत तो चालू ठेवला.

आठवड्याचा मधला दिवस, कमीत कमी गर्दी, पावसाचा अंदाज… सगळं पारखून सुरुचीने तारीख पक्की केली आणि तिकिटं काढून टाकली. घरी सांगितली तेव्हा दीपमाला वहिनीने भिंतीवरचं कॅलेंडर पाहिलं आणि हातातलं लाटणं खाली ठेवलं.

“सुरुची, अगं पितृपंधरवडा आहे हा.”

“म्हणून तर गर्दी नाही.”

“आणि ही नवमी आहे. अविधवा नवमी. आईंचं श्राद्ध त्या दिवशी.”

नवऱ्याच्या आधी गेलेल्या बायकांचा तो दिवस. सुरुचीने सगळं तपासलं होतं, पंचांग तेवढं राहिलं होतं. चुका शोधून पोट भरणाऱ्या मुलीने अशी चूक करावी, हे गंधारला इतकं विचित्र वाटलं की तो चिडलासुद्धा नाही. “रद्द कर,” एवढंच म्हणाला. “श्राद्धाच्या दिवशी आकाशपाळण्यात बसलेलं लोक काय म्हणतील?”

सुरुची खिडकीशी गेली. वडिलांच्या पायाशी बसली, आणि जे घडलं ते सांगितलं. दिवा, दांडा, ऊबदार सीट. पंत बाहेर बघत होते. ऐकतायत की नाही कळेना.

“आणि बाबा, बोगद्यात टाळ वाजतो.”

“कोणाचाही वाजेल.”

“शेवटचा ठोका उशिरा पडतो.”

पंतांनी मान वळवली. किती तरी महिन्यांनी त्यांनी कुणाकडे सरळ पाहिलं. दोन्ही हात गुडघ्यांवर टेकून ते उठले.

“तिच्या दिवशी तिलाच घरी बसवून ठेवायचं?” ते म्हणाले. “श्राद्ध सकाळी लवकर करू. मग निघू. माझी काळी टोपी कुठं आहे?”

नवमीला सकाळी लवकरच पानं वाढली, सवाष्ण जेवली, आणि मंडळी निघाली. ठरल्याप्रमाणे सगळं झालं. मागचं फाटक, उतार, सकाळचे पाळणे. सृष्टीची उंची एका पाळण्याला कमी पडली तर ती रडली नाही, “मला माहितीये” म्हणाली. पंत हत्तीच्या कारंज्यापाशी बसून लाह्या खात होते, आणि त्यांना खाताना बघून वहिनीने हळूच डोळे पुसले.

दुपारी आकाश काळंभोर झालं. गंधार, वहिनी आणि सृष्टी कारंज्यापाशीच थांबले. सृष्टीला कवट्या नको होत्या. पाताळयात्रेच्या तोंडाशी पंत आणि सुरुची, दोघंच. पहिल्या डब्यात पंत बसले. सुरुचीने पिशवीतून आसन काढलं. क्षणभर तिचा हात घट्ट झाला.

मग तिने ते वडिलांच्या शेजारी ठेवलं, आणि स्वतः मागच्या डब्यात जाऊन बसली.

केबिनमध्ये उत्तरेश्वर दिव्यांकडे बघत होता. पंत, हिरवा. पंतांच्या शेजारी… हिरवा. दांडा खाली आला, मांडीच्या उंचीवर अलगद थांबला. पंतांनी टोपी सारखी केली, आणि रिकाम्या जागेकडे न बघताच, जरा सरकून जागा करून दिली.

सुरुचीने आपल्या उजवीकडे पाहिलं. वर्षात पहिल्यांदा तिथं आसन नव्हतं. थंडी नव्हती, वास नव्हता, कोणी असल्याचा तो भास नव्हता. नुसती सीट. रिकामी.

केबिनचं दार उघडलं. तो तिच्या डब्याशी येऊन उभा राहिला.

“आज तुमच्या शेजारचा दिवा लागला नाही,” तो म्हणाला.

“माहितीये.”

“कोणी नाही तिथं.”

“तेही माहितीये.” ती पुढच्या डब्याकडे, वडिलांच्या पाठीकडे बघत होती. मग वळली. “मग तुम्ही कशाची वाट बघायलात?”

त्याला आपले कान खरे वाटेनात. “काय म्हणालात?”

“बसा म्हणाले. टेस्टिंगसाठी नाही.”

राकेशला खूण करून तो बसला. या वेळी कडेला चिकटून नाही. दांडा खाली आला आणि खट्‌ करून जागेवर बसला, तक्रार न करता.

बोगद्यात काळोख दाटला. पुढचा डबा दिसत नव्हता, नुसती चाकांची घरघर. त्याच वळणावर बुक्क्याचा वास आला, पण आता पुढून, वाऱ्यावर. आणि मग टाळ. सुरुचीने नकळत दांड्यावरचा त्याचा हात धरला.

“मला एक कबूल करायचंय,” अंधारात तो म्हणाला. “त्या शनिवारपासनं मी तुमच्या शेजारचा दिवा विझायची वाट बघायलो होतो. पण देवाला तसं सांगायचं धाडस होत नव्हतं. पाप वाटायचं… कुणाला तरी उठवून बसल्यासारखं.”

“तुम्ही नाही उठवलं,” ती म्हणाली. “तिला तिची जागा मिळाली.”

पुढे, अंधारात, एक म्हातारा आवाज उमटला. आधी खर्जात, चाचपडत. मग उघडा. पंत विठ्ठलाचं नाम गात होते, कीर्तनाच्या शेवटाला गातात तसं, आणि टाळ त्यांच्या बरोबरीने चालत होता. उत्तरेश्वरची बोटं सुरुचीच्या बोटांखाली ठेका धरू लागली. नाम चढत गेलं, लय वाढली, भिंतींवरचे राक्षस मुकाट्याने मागे पडत गेले, आणि सगळं एका जागी येऊन थांबलं.

शेवटचा ठोका बरोबर समेवर पडला.

उशिरा पडायचं आता कारणच उरलं नव्हतं. ज्याला बघायचं तो शेजारी होता.

बाहेर उजेड होता, आणि झड थांबली होती. पुढच्या डब्याचे दोन्ही दांडे एकदमच वर गेले. पंत हळूहळू उतरले. आसन उचललं, झटकलं, घडी घातली, छातीशी धरलं. डोळे ओले होते, पण मान वर होती.

“संध्याकाळी कीर्तन आहे ना देवळात?” त्यांनी विचारलं. “घरी जाऊन आधी पेटी पुसायला हवी.” मग त्यांची नजर मागच्या डब्यावर गेली, दांड्यावर गुंतलेल्या दोन हातांवर गेली, आणि तिथंच थांबली. सुरुची हात सोडवायला गेली. मग सोडवला नाही.

“सुरुची,” पंत म्हणाले, “तुझ्या शेजारी कोण बसलंय?”

त्यांच्यामागे पहिला डबा दांडे वर करून, रिकामा, पुन्हा बोगद्याकडे सरकू लागला होता. केबिनमध्ये त्याचे दिवे विझलेले होते.

“मीच बसवलंय, बाबा,” सुरुची म्हणाली. “आणि हे मृदंग वाजवतात.”